‘निघून जा’ हे बाळाला म्हटलेले नाही

प्रश्न : मी वसईत राहणारी, छत्तीस वर्षांची शिक्षिका आहे. माझा धाकटा भाऊ फ्रान्समध्ये स्थायिक झाला असून त्याच्या पत्नीचे माहेर कॅथलिकांच्या जुन्या लॅटिन उपासनेला धरून आहे. ऑक्टोबरमध्ये त्यांच्या साडेतीन महिन्यांच्या मुलीचा स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) त्याच जुन्या पद्धतीने होणार आहे आणि धर्ममाता म्हणून त्यांनी मला बोलावले आहे. भावाने विधीचा मजकूर मराठीत करून पाठवला. तो वाचल्यापासून माझे मन थाऱ्यावर नाही. धर्मगुरू बाळाच्या तोंडावर फुंकर मारून ‘अपवित्र आत्म्या, तू निघून जा’ असे म्हणणार, तिच्या जिभेवर मीठ ठेवणार, आणि कानांना व नाकाला थुंकी लावणार. एवढ्याशा निष्पाप जिवाला भूतबाधा झाल्यासारखे का वागवायचे? शिवाय ‘मला इच्छा आहे’, ‘मी श्रद्धा ठेवते’ अशी उत्तरे मी तिच्या वतीने लॅटिनमध्ये द्यायची आहेत. मला लॅटिनचा गंध नाही, आणि दुसऱ्याच्या तोंडचे बोलणे मला नाटकी वाटते. हे ऐकून आई म्हणाली, ‘माझा संस्कार असाच झाला होता, तुझाच मराठीत, अर्धामुर्धा झाला.’ तेही मनाला लागले आहे. मी जावे की नकार कळवावा? — एक आत्या

उत्तर :

सप्रेम नमस्कार. नकार कळवू नका, अवश्य जा. तुमची भीती बव्हंशी एका सर्वनामातून आली आहे, म्हणून आधी तेच सोडवू या.

भावाने प्रेमाने भाषांतर केले आहे, परंतु त्यात सगळीकडे ‘तू’ आहे, आणि तो ‘तू’ कोण हे कुठेच लिहिलेले नाही. या विधीत धर्मगुरू सतत तोंड वळवून वेगवेगळ्यांशी बोलत असतात. एका वाक्यात ते बाळाशी बोलतात, पुढच्यात देवाशी, मग सैतानाशी, आणि एका ठिकाणी तर चक्क मिठाशी. मिठाला ते ‘मीठ नावाच्या निर्मिती’ अशी हाक मारतात. लॅटिन वाचणाऱ्याला संबोधनाच्या रूपावरून आणि पुस्तकातल्या लाल अक्षरांतल्या सूचनांवरून हे वळण लगेच समजते. मराठीत मात्र सैतानालाही ‘तू’ आणि भाचीलाही ‘तू’, त्यामुळे सगळे शब्द तिच्याच अंगावर आल्यासारखे वाटतात. ते वाक्य पुन्हा पाहा. फुंकर तिच्या चेहऱ्यावर आहे, पण शब्द दुसऱ्याला उद्देशून आहेत : हे अपवित्र आत्म्या, हिच्यापासून दूर हो आणि पवित्र आत्म्याला जागा दे. जे घर देवासाठी मोकळे करायचे, त्या घरावर इथे कसलाही आरोप नाही. पुढच्या मोठ्या निरोधनात, म्हणजे सैतानाला हुसकावण्याच्या प्रार्थनेत, तर तिचा उल्लेख तृतीय पुरुषात येतो, ‘देवाची ही सेविका’ असा, आणि तोही पाण्याचा एक थेंब तिच्या कपाळाला लागण्यापूर्वी. (भावाने तिथे ‘सेवक’ लिहिले असेल, तर त्याने पुस्तकातले पुल्लिंगी रूप तसेच उतरवले आहे, मुलगी असेल तर धर्मगुरू ‘फामुलो’च्या जागी ‘फामुला’ म्हणतात.) त्याच प्रार्थनेच्या शेवटी सैतानाला बजावले जाते की, हिच्या कपाळावर आम्ही जी क्रुसाची खूण करीत आहोत, ती भंग करण्याचे धाडस तू कधीही करू नकोस. भूत उतरवणाऱ्याची ही भाषा नाही. लेकराच्या दारात उभे राहून बाहेरच्याला दम भरणाऱ्या वडीलधाऱ्याची आहे.

ही भाषा एवढी कडक का, याला इतिहासाचे कारण आहे. सुरुवातीच्या शतकांत रोममध्ये प्रौढ माणसे मूर्तिपूजा सोडून ख्रिस्तसभेत येत, तेव्हा त्यांची तयारी कित्येक आठवडे चाले, आणि त्या काळात त्यांच्यावर वारंवार हात ठेवून अशी निरोधने म्हटली जात. पुढे संस्कारासाठी येणारी बहुतेक बाळेच असू लागली, तेव्हा तो आठवड्यांचा प्रवास घडी घालून एका बैठकीत बसवला गेला, आणि १६१४ च्या रोमन विधिग्रंथात तो त्याच रूपात छापला गेला. तुम्ही अर्ध्या तासात जे पाहणार आहात, तो मुळात प्रौढांचा मोठा रस्ता आहे. १९६३ साली कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने बालकांच्या खऱ्या परिस्थितीला जुळेल असा विधी तयार करण्यास सांगितले, आणि १९६९ मध्ये तो आला. निरोधन त्यातही आहे, पण ते सैतानाला दिलेली आज्ञा न राहता देवाला केलेली विनंती झाले. मला विचाराल तर मला नवे रूप अधिक भावते. मात्र जुन्यातला तो दम ऐकताना अंगावर काटा येतो, हेही खरे.

आता फुंकर, मीठ आणि थुंकी. साडेतीन महिन्यांच्या बाळाला कोणतीच भाषा कळत नाही, लॅटिन नाही, फ्रेंच नाही आणि तुमची वसईची बोलीही नाही. तिला कळतो तो वारा, चव, स्पर्श, ओलावा आणि उजेड, आणि जुन्या विधीची अर्धी भाषा नेमकी याच लिपीत लिहिलेली आहे. फुंकर तीन वेळा आणि हळुवार घालावी असे पुस्तकच सांगते. मिठाचे दोनचार कण जिभेवर ठेवताना धर्मगुरू म्हणतात, ‘आच्चिपे साल सापिएन्तिए’, म्हणजे ज्ञानाचे मीठ घे. मिठाने अन्न टिकते, मिठाने चव येते, आणि मिठावाचून माणूसही अळणीच. हे मिठागरांच्या वसईत वाढलेल्या तुम्हाला मी काय सांगावे! एकच सावधगिरी सुचवते : आपल्याकडे मीठ-मोहरीने दृष्ट काढतात, त्याच्याशी या मिठाची सांगड घालू नका. ते मीठ ओवाळून टाकायचे असते, आणि हे खायचे असते. बाळ पहिल्यांदा तोंड वाकडे करेल, ओठ चाटेल, मग बहुधा रडेल. घाबरू नका, आणि पदराने पुसून काढायलाही धावू नका.

थुंकीचे मूळ मार्कच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात आहे. बहिऱ्या, अडखळत बोलणाऱ्या माणसाच्या कानांत येशूने बोटे घातली, थुंकून त्याच्या जिभेला स्पर्श केला आणि तो म्हणाला, ‘एफ्फाथा’, म्हणजे मोकळा हो. मार्कने ग्रीकमध्ये लिहितानाही हा शब्द येशूच्या बोलीत, अरामीमध्येच ठेवला आणि शेजारी अर्थ दिला. लॅटिन विधीनेही तसेच केले. म्हणजे ज्याला आपण सरसकट ‘लॅटिन’ म्हणतो, त्या विधीत हा एक शब्द अरामी आहे, ‘आमेन’ हिब्रू आहे, आणि ‘बाप्तिझो’ ग्रीकमधून आलेला आहे. विधीत जिभेऐवजी नाकपुड्यांना स्पर्श करतात. ही रीत मिलानमध्ये चौथ्या शतकातही होती आणि तिथले बिशप संत अँब्रोझ यांनी तिचे स्पष्टीकरण दिले आहे. तुमच्या शंकेपुरते एवढे पुरे की, स्वच्छतेच्या किंवा आजाराच्या कारणाने थुंकी वगळण्याची मुभा जुन्या विधीतच नंतर देण्यात आली. धर्मगुरू कोरड्या अंगठ्याने स्पर्श करू शकतात. हे फादरांना आधी फोनवर विचारायला काहीच हरकत नाही. बाळाची आई विचारत असेल तर अधिक चांगले.

आणि इथे मला तुमच्या सहीकडे वळावेसे वाटते. तुम्ही ‘एक आत्या’ अशी सही केली आहे. मराठी घरात बारशाला बाळाच्या कानाशी लागून ‘कुर्र’ करून नाव सांगते ती आत्याच. बाळाला त्यातले काय कळते? तरीही ते कानात सांगायचे असते, पाळण्यावर लिहून चालत नाही. ज्या बाईला हे नाटकी वाटत नाही, तिला ‘एफ्फाथा’ परके वाटू नये.

उत्तरांचा प्रश्न मात्र खरोखर अवघड आहे, आणि तो विचारणाऱ्या तुम्ही पहिल्या नाही. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला उत्तर आफ्रिकेतल्या बोनिफास नावाच्या बिशपांनी संत ऑगस्टीन यांना पत्र लिहून जवळपास हेच विचारले होते : हे मूल उद्या चोर होईल की सज्जन हे आपण सांगू शकत नाही, मग ‘हे श्रद्धा ठेवते का’ या प्रश्नाला त्याला आणणारे ‘ठेवते’ असे ठामपणे कसे म्हणतात? लक्षात घ्या, त्यांच्याकडे उत्तर तृतीय पुरुषात होते. रोमच्या विधीने याहून धीट वाट धरली. धर्मगुरू थेट बाळाला, तिचे नाव घेऊन, एकवचनात विचारतात : तुला स्नानसंस्कार हवा आहे का? आणि तुम्ही उत्तर देता ‘वोलो’, म्हणजे ‘मला हवा आहे’. ‘हिला हवा आहे’ असे नाही. ऑगस्टीन यांच्या उत्तराचा गाभा असा की, बाळाला अजून स्वतःची समजून घेतलेली श्रद्धा नसली तरी श्रद्धेचा संस्कार तिला श्रद्धावंतांमध्ये आणतो, आणि तिला आणणारे हात केवळ त्या एकदोन माणसांचे नसून सबंध ख्रिस्तसभेचे असतात.

मला यातले व्याकरणच फार बोलके वाटते. ज्या जीवाला अजून हुंकाराखेरीज काही येत नाही, त्याला हा विधी कुणाच्या तरी मांडीवरचे गाठोडे मानत नाही. त्याला ‘तू’ म्हणतो आणि उत्तराची वाट पाहतो. ते उत्तर तुमच्या तोंडून येते, कारण तिचे तोंड अजून तयार नाही. आई लेकराला भरवताना स्वतःच ‘आऽऽ’ करते, तेव्हा ते नाटक नसते. नव्या विधीत हे बदलले आहे. तिथे आईवडिलांना आणि धर्ममातापित्यांना त्यांच्या स्वतःच्या श्रद्धेविषयी विचारतात, आणि ते स्वतःपुरते उत्तर देतात. तुमचा प्रामाणिकपणा त्या पद्धतीशी अधिक जुळतो, हे मी समजू शकते. पण जुन्या पद्धतीतही तुम्ही खोटे बोलत नाही आहात. तुम्ही उसने तोंड देत आहात, आणि ते कर्ज पुढच्या पंधरा-वीस वर्षांत तिला श्रद्धेची ओळख करून देऊन फेडायचे आहे.

लॅटिनचा बाऊ करू नका. दारात विचारतील, देवाच्या ख्रिस्तसभेकडे काय मागतेस? उत्तर ‘फीदेम’, श्रद्धा. श्रद्धा तुला काय देते? ‘वीताम एतेर्नाम’, अनंतकाळचे जीवन. पुढे सैतान, त्याची कृत्ये आणि त्याचा डामडौल यांचा त्याग करतेस का, असे तीनदा विचारतील. तिन्ही वेळा ‘आब्रेनुन्त्सिओ’. मग श्रद्धेचे तीन प्रश्न, तिन्हींना ‘क्रेदो’. शेवटी ‘वोलो’. फळ्यावर पाच ओळी भरतील एवढेच हे आहे, आणि शिक्षिकेला ते एका दुपारी पाठ होईल. शिवाय फ्रान्समध्ये १९४७ पासूनच लॅटिन-फ्रेंच असा जोड विधिग्रंथ मान्य होता, त्यामुळे काही धर्मगुरू प्रश्नोत्तरे फ्रेंचमध्ये घेतात. उलट तुमची तिथेच धांदल उडायची! म्हणून कोणत्या भाषेत विचारणार हे आधीच ठरवून घ्या. दारातून स्नानकुंडाकडे जाताना धर्मगुरूंबरोबर श्रद्धेचे निवेदन आणि प्रभूची प्रार्थना मोठ्याने म्हणायची असते. ती तुम्ही मराठीत म्हटली तर चालेल का, हेही त्याच फोनवर विचारा.

आता हातांचे. विधी दारातच सुरू होतो, आत नाही. धर्मगुरूंच्या गळ्यात तेव्हा जांभळा स्टोल, म्हणजे उपासनेचा लांब पट्टा, असतो. मीठ आणि निरोधन झाल्यावर ते स्टोलचे टोक बाळावर ठेवतात आणि ‘देवाच्या मंदिरात ये’ असे म्हणून तिला आत नेतात. आपल्याकडे पदराखाली घेणे म्हणतात ना, अगदी तसेच ते दिसते. स्नानकुंडापाशी तिच्या छातीला आणि पाठीवर दोन्ही खांद्यांच्या मधोमध तेल लावतात, त्यामुळे झबले पुढून आणि मागून दोन्हीकडून गळ्याशी सैल होईल असे हवे. फ्रेंच घरांत आजी-पणजीचा लांब झालरींचा झगा घालण्याची हौस असते आणि त्याला पाठीवर बारीक बारीक गुंड्या असतात; त्यातल्या वरच्या दोन आधीच सोडून ठेवा. तेलानंतर स्टोल जांभळ्याचा पांढरा होतो. मग टोपडे काढा. मी एकदा ते काढायला विसरले होते आणि ऐन वेळी गाठ सुटेना. धर्मगुरू हातात पाणी घेऊन थांबले, आणि मी दातांनी बंद तोडला. डावा तळहात तिच्या मानेखाली असू द्या, उजवा कमरेखाली, चेहरा वर आणि डोके कुंडावर किंचित खाली, म्हणजे पाणी टाळूवरून मागे वाहील आणि डोळ्यांत जाणार नाही. पाणी तीनदा, क्रुसाच्या आकारात ओततात. त्या क्षणी तिला धर्ममातेने किंवा धर्मपित्याने धरलेले किंवा स्पर्श केलेला असणे जुन्या नियमांत अत्यावश्यक मानले जाई. संस्कारानंतर बाळाला कुंडातून ‘उचलून घेणारी’ ती धर्ममाता, असा लॅटिनमधला जुना वाक्प्रचारच आहे. त्यानंतर टाळूवर क्रिझम हे सुगंधी तेल, डोक्यावर पांढरे वस्त्र आणि तुमच्या हाती पेटती मेणबत्ती. झालर आणि ज्योत यांत अंतर ठेवा.

या सगळ्यात तुमच्या वहिनीला एकही वाक्य नाही. बाळाचा संस्कार शक्य तितक्या लवकर करावा असा जुना नियम होता, त्यामुळे बाळंतीण पुष्कळदा घरीच असे, आणि आईवडिलांची भूमिका या विधीत लिहिलीच गेली नाही. तिच्या माहेरची ती पद्धत असली, तरी पहिलटकरणीला त्या दिवशी ते टोचू शकते. दारापर्यंत बाळ तिच्याच हातात राहू द्या, आणि तिच्याकडून मागून घ्या.

तुमच्या आईचे म्हणणे मात्र चुकीचे आहे, आणि ते तिला प्रेमाने पण स्पष्ट सांगायला हवे. स्नानसंस्कार होतो तो पाण्याने आणि एका वाक्याने : ‘मी तुला पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने स्नानसंस्कार देतो.’ तुमच्या वेळी वसईच्या फादरांनी हे मराठीत म्हटले, आईच्या वेळी लॅटिनमध्ये. दोन्हींत अक्षराइतकाही कमीजास्तपणा नाही. बाळ दगावण्याची भीती असेल तर प्रसूतिगृहातली परिचारिकाही, ती ख्रिस्ती नसली तरी, ख्रिस्तसभेला अभिप्रेत आहे ते करण्याच्या हेतूने, साध्या पाण्याने हा संस्कार देऊ शकते, आणि मराठीत ती ‘देतो’च्या जागी ‘देते’ म्हणेल एवढाच फरक. तिथे ना मीठ असते, ना तेल, ना मेणबत्ती, तरी संस्कार पूर्ण असतो. उलट, जिथे शब्द कळीचा आहे तिथे ख्रिस्तसभा एका सर्वनामावरही अडून बसते : ‘मी’ऐवजी ‘आम्ही तुला स्नानसंस्कार देतो’ असे म्हटले तर तो होतच नाही, असा निर्णय रोमने २०२० मध्ये दिला, आणि त्यानंतर अमेरिकेत फीनिक्स इथे एका धर्मगुरूंनी वर्षानुवर्षे असे म्हणून दिलेले हजारो संस्कार अवैध ठरल्याचे २०२२ मध्ये जाहीर करावे लागले. म्हणून आईला सांगा की तिचा ‘एगो’ (लॅटिनमधला ‘मी’) आणि तुमचा ‘मी’ सारखाच वजनदार आहे. एवढे सांगून झाले की तिच्या धाकट्या भावंडांच्या संस्काराचे तिला काय आठवते ते विचारा. मिठाने वाकडे झालेले एखादे तोंड तिला नक्की आठवत असेल, आणि तिची खरी इच्छा तेवढे सांगायला मिळावे हीच असावी.

कागदपत्रांचे थोडक्यात. तुमच्या धर्मग्रामातून (पॅरिशमधून) स्नानसंस्काराचा आणि दृढीकरणाचा (कन्फर्मेशनचा) दाखला घेऊन ठेवा, तिकडे मागतील. भावाला एक गोष्ट विचारा : ते चर्च कोणत्या धर्मसंघाचे आहे, आणि जुन्या विधीला स्थानिक बिशपांची मान्यता आहे का? २०२१ पासून रोमने जुन्या विधिग्रंथाच्या वापरावर मर्यादा घातल्या आहेत, काही धर्मसंघांना त्यातून सूट आहे. संस्काराच्या वैधतेला यामुळे बाधा येत नाही, पण तुमच्या फादरांनी विचारले तर उत्तर माहीत असावे.

विधीचे शेवटचे वाक्यही बाळालाच उद्देशून आहे, तिचे नाव घेऊन : शांतीने जा, आणि प्रभू तुझ्याबरोबर असो. त्यावर ‘आमेन’ म्हणा आणि लगेच टोपडे घाला, कारण ऑक्टोबरात तिकडची दगडी चर्चे गार असतात आणि तिचे डोके ओले असेल.